चेंबर्स की पगारी नोकरी: इंग्लंडमध्ये बॅरिस्टर झाल्यानंतरचा निर्णय

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२२ मध्ये ग्रेज इन या लंडनमधल्या बॅरिस्टरांच्या संस्थेतून बॅरिस्टर झाले, त्या काळी सनद मिळाली की वकिलीचा मार्ग मोकळा होत असे. आज अशा चार इनपैकी कोणत्याही इनची सनद हाती असली, तरी वर्षभराची प्यूपिलेज, म्हणजे अनुभवी बॅरिस्टरच्या हाताखालची उमेदवारी, केल्याखेरीज इंग्लंडमध्ये पूर्ण अधिकाराने वकिली करता येत नाही. त्यानंतर चेंबर्समध्ये, म्हणजे स्वतंत्र बॅरिस्टरांच्या सामायिक कार्यालयात, जागा मिळवून स्वतंत्र व्यवसाय करावा, की क्राउन प्रॉसिक्यूशन सर्व्हिस (सरकारतर्फे फौजदारी खटले चालवणारी यंत्रणा), सरकारी खाते किंवा एखादी कंपनी येथे पगारी बॅरिस्टर व्हावे, हे ठरवावे लागते. मी सहा वर्षे फौजदारी कामाच्या चेंबर्समध्ये होतो आणि आता सरकारी खात्यात आहे.

चेंबर्समध्ये आज फिर्यादी पक्षासाठी तर उद्या आरोपीसाठी उभे राहावे लागत असल्याने पुरावा दोन्ही अंगांनी तपासण्याची सवय लागते. 'कॅब रँक' नियमामुळे, आपल्या विषयातले आणि रास्त शुल्काचे काम, केवळ अशील नावडता आहे म्हणून नाकारता येत नाही. या नियमाचा मला आजही अभिमान वाटतो. उलटतपासणीत तिथे जसा हात बसतो, तसा नोकरीत बसत नाही, असे माझे मत आहे.

मला मात्र संध्याकाळ जड गेली. न्यायालयातल्या दुसऱ्या दिवशीच्या खटल्यांची यादी, म्हणजे आपल्याकडचा बोर्ड, दुपार उलटल्यावर पक्की होई. मग साडेपाचच्या सुमारास चेंबर्समधली कामे वाटून देणाऱ्या क्लार्कचा फोन येई की सहकाऱ्याचा खटला लांबला आहे, त्याचे ब्रीफ, म्हणजे त्याच्याकडचे दुसरे प्रकरण, तुम्ही घ्या, सकाळी दहाला दोन तासांवरच्या न्यायालयात हजर राहा. त्या वेळी पुण्यात रात्रीचे दहा वाजलेले असत, आई माझ्या फोनसाठी जागी असे, आणि मी अनोळखी माणसाचे आरोपपत्र पहिल्यांदा उघडत असे. अपुऱ्या तयारीने कोणाच्या तरी स्वातंत्र्यासाठी उभे राहण्याचे ओझे मला सवयीनेही हलके झाले नाही.

आता एकेक प्रकरण महिनोन्‌महिने माझ्याकडे असते, मसुदा दोनदा वाचायला वेळ मिळतो, भरपगारी रजा आणि निवृत्तिवेतनही आहे. न्यायालयात उभे राहण्याचे दिवस कमी झाले, आणि पक्षकार कायम एकच, हे खरे आहे. रोज युक्तिवाद करण्याची ज्यांना ओढ आहे, त्यांनी बहुधा चेंबर्सच निवडावे. तरीही प्यूपिलेजचे अर्ज भरताना सरकारी जागा दुय्यम समजून वगळू नयेत. न्यायाधीशपदासाठी पगारी बॅरिस्टरलाही अर्ज करता येतो.