काकांची अँबॅसडर, आठ दिवस माझ्याकडे

ब्रिटनच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेला हा साचा १९५८ पासून २०१४ पर्यंत चालला. दिवे, जाळी, इंजिन बदलत गेलं. टपाचा गोलवा मात्र तोच. मागची सीट म्हणजे घरचा सोफाच! फेटा बांधलेला माणूसही मान न वाकवता बसेल. धक्के झेलायला पुढे टॉर्शन बार, म्हणजे पीळ खाणारी पोलादी दांडी, मागे पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा; त्यामुळे खड्ड्यात गाडी आदळत नाही, डुलते. काकांच्या जुन्या मॉडेलला गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला आहे, म्हणून पुढेही तिघं मावतात. पॉवर स्टिअरिंग नाही. जागेवर वळवताना दंड भरून येतात. तरी किल्ली परत देताना मीच म्हटलं, ‘काका, पुढच्या रविवारीही लागेल हं.’