किनारा साफ करणारी टीम : साडेतीन स्टार

अलिबागकडे आमचं छोटं होमस्टे आहे. पावसाळ्यात वारं फिरलं की पुळणीवर डांबराचे गोळे येतात, खोल समुद्रात कोणीतरी जहाजाच्या टाक्या धुतो आणि प्रसाद आम्हाला. गेस्ट ते पायाला लावून थेट खोलीत, मग चादरी, लाद्या सगळं बरबटलेलं आणि आम्ही खोबरेल घेऊन घासत बसायचं. गेल्या वर्षी एकाला काम दिलं तर पठ्ठ्या जेसीबीच घेऊन आला, वरून चकाचक दिसलं पण निम्मं डांबर चाकाखाली आत दाबलं गेलं, पुढच्या उधाणाला परत वर.

यंदा चौघांनी वर्गणी काढून दुसरी टीम बोलावली. पहिल्या दिवशी यांनी काहीच साफ केलं नाही! म्हटलं गेले पैसे. ओहोटीला अख्खा किनारा चालले, त्याचे तुकडे पाडले, काळा पट्टा किती रुंद, किती टक्के वाळू झाकलीय सगळं फॉर्मवर, आणि मधेमधे खड्डे. आमच्या गेटसमोर वर एक ठिपका नव्हता, खड्ड्यात मात्र वीतभर खाली काळी रेघ, भरतीने वर वाळू आणून टाकलेली. तेव्हा माझं तोंड बंद झालं.

मग दाताळी, चाळण्या, घमेली. तेही सकाळी लवकर, कारण ऊन चढलं की गोळे पाघळून चाळणीला चिकटतात. खडकांवर प्रेशरने गरम पाणी मारा म्हटलं तर सरळ नाही म्हणाले, १९८९ ला अलास्कात एक्सॉन वाल्डेझ या टँकरमधून सांडलेलं तेल असंच धुतलं तर तेलातून वाचलेले शंख-शिंपलेही त्या पाण्याने मेले, तुमची कालवंही जातील. खारफुटीत तर पायच ठेवला नाही, तुडवलं की तेल चिखलात मुळांपाशी जातं म्हणे. २०१० ला मुंबईबाहेर एमएससी चित्रा आणि खलिजिया ही जहाजं एकमेकांवर धडकली तेव्हाचं खारफुटीतलं तेल आठवलं, त्यामुळे पटलं.

दीड स्टार कापला तो पोत्यांसाठी. हा घातक कचरा, तळोज्याला अशा कचऱ्याची साइट आहे तिथे जायला हवा, पण भरलेली पोती तीन दिवस भरतीच्या रेषेवरच पडून, दोन फाटली, चौथ्या फोनला टेम्पो आला. बुक करताना पोती कधी उचलणार ते व्हॉट्सॲपवर लिहून घ्या.