लाँगमनची ऑनलाईन डिक्शनरी: फ्रेझल व्हर्बसाठी एकदम कामाची

फ्रेझल व्हर्बच्या (क्रियापदाला 'ऑफ', 'आफ्टर' असा छोटा शब्द जोडून वेगळाच अर्थ होतो त्या जोड्यांच्या) लिस्टा पाठ करून वैतागला असाल तर लाँगमन डिक्शनरी ऑफ कंटेम्पररी इंग्लिशची वेबसाईट एकदा वापरून बघाच, फुकट आहे. 'पुट ऑफ'च घ्या. बहुतेक ठिकाणी 'पुढे ढकलणे' एवढाच अर्थ देऊन मोकळे होतात, आणि मग 'द स्मेल पुट मी ऑफ' असं वाक्य समोर आलं की गाडी अडते, कारण इथे ढकलण्याचा काही संबंधच नाही, वासाने इच्छाच गेली असं म्हणायचंय. लाँगमनमधे हे अर्थ वेगवेगळे दिलेत, शिवाय लक्ष विचलित करणे हा अर्थ ब्रिटिश वापरातला आहे हेही कळतं.

पण मला सगळ्यात आवडतो तो बाण! 'पुट समथिंग ऑफ' या नोंदीत समथिंग आणि ऑफच्या मधे दोन्हीकडे टोक असलेला छोटासा बाण असतो, म्हणजे कर्म मधे घ्या नाहीतर शेवटी, दोन्ही चालतं. 'पुट द मीटिंग ऑफ' बरोबर आणि 'पुट ऑफ द मीटिंग'ही बरोबर. 'लुक आफ्टर'ला बाण नाही, म्हणून 'लुक द बेबी आफ्टर' म्हणता येत नाही. एवढ्याशा खुणेत अख्खा नियम बसवलाय राव. फक्त एक लक्षात ठेवा, बाण असला तरी 'इट', 'देम' अशी सर्वनामं मधेच येतात, 'पुट इट ऑफ' म्हणायचं, 'पुट ऑफ इट' नाही. हे तिथल्या तिथे लिहिलं असतं तर नवीन शिकणाऱ्याला फार बरं झालं असतं.

पुढे क्रियापद आलं तर काय करायचं तेही दिसतं, 'पुट ऑफ डुइंग समथिंग', म्हणजे 'आय पुट ऑफ गोइंग' बरोबर आणि 'पुट ऑफ टू गो' चूक. आपल्याकडची बरीच मुलं नेमकी इथेच चुकतात.

मराठी अर्थ मिळत नाही हे खरंय, पण व्याख्या साधारण 2000 सोप्या शब्दांतच लिहायच्या ही पद्धत त्यांनी 1978 च्या पहिल्या आवृत्तीपासून ठेवलीये, त्यामुळे दहावीपर्यंतचं इंग्रजी असलं तरी भागतं. उदाहरणांपुढचा स्पीकर दाबून वाक्य ऐका, 'ऑफ'वर जोर कसा येतो ते नीट कळतं.

'पुट'चं पान मात्र खूप लांबलचक आहे, मोबाईलवर स्क्रोल करत बसण्यापेक्षा सर्चमधे सरळ 'पुट ऑफ' टाका.