स्क्रायबस : चित्रपुस्तक स्वतः मांडणाऱ्यांसाठी

मुलांचं पुस्तक स्वतः काढायचं म्हटलं की गोष्ट लिहून होते, चित्रंही होतात आणि घोडं अडतं ते मांडणीपाशी. चित्रपुस्तकात मजकूर चित्राच्या आत राहतो, आणि ते काम वर्डमध्ये धड होत नाही. आमचं पुस्तक म्हणजे विहिरीतल्या कासवाची गोष्ट, 32 पानांची. शब्द माझे, चित्रं मैत्रिणीची. त्याची सगळी मांडणी मी स्क्रायबसमध्ये केली. हे पेजमेकर, इनडिझाइनच्या जातकुळीतलं, म्हणजे छपाईसाठी पानं मांडायचं सॉफ्टवेअर आहे. ते मोफत आणि मुक्तस्रोत आहे, आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं.

मराठीसाठी घेताना आवृत्ती आधी बघा. जुन्या 1.4 मध्ये जोडाक्षरं तुटायची आणि ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटायची. 2024 च्या जानेवारीत आलेल्या 1.6 मध्ये युनिकोड देवनागरी नीट उमटते. मी ‘मुक्ता’ हा फॉन्ट वापरला. तो मुक्त परवान्याचा आहे, त्यामुळे पुस्तकात वापरायला अडचण नाही.

अक्षरांवर मी सर्वांत जास्त वेळ घालवला आणि तिथेच हे सॉफ्टवेअर मला मनापासून आवडलं. देवनागरीत वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांत घुसतात. मोठी माणसं तरीही वाचतात. नुकतं वाचायला लागलेलं मूल मात्र तिथे अडतं, कारण कुठलं चिन्ह कुठल्या अक्षराचं हे त्याला अजून डोळ्यानं शोधावं लागतं. 20 पॉइंटच्या अक्षराला मी 32 पॉइंटचं ओळअंतर दिलं. परिच्छेदाची शैली एकदा ठरवली की तिथला एक आकडा बदलल्यावर सगळी पानं एकदम बदलतात. ओळ कुठे तोडायची हेही आपल्या हातात राहतं. ‘कासवानं हळूच / मान बाहेर काढली’ असं तोडलं तर वाचताना श्वास बरोबर जागी थांबतो. ‘कासवानं हळूच मान / बाहेर काढली’ केलं की मान एका ओळीत अडकते. शिफ्ट आणि एंटर दाबलं की झालं. अशा बारीक गोष्टींसाठी दरवेळी दुसऱ्याच्या मागे लागावं लागत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

रंगांचं काम त्याहून नाजूक. पडद्यावरचे रंग प्रकाशाचे असतात आणि कागदावरचे निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी अशा चार शाईंचे. विहिरीच्या पाण्याचा चकाकणारा निळा-हिरवा चार शाईंत उतरतच नाही, मंदावतो. छापखान्याकडून रंगांचा प्रोफाइल (त्यांच्या यंत्रावर आणि कागदावर रंग कसे उतरतात ते सांगणारी फाइल) मागून घ्या आणि रंग-व्यवस्थापन चालू करा, म्हणजे छापल्यावर रंग साधारण कसा दिसेल ते स्क्रायबस पडद्यावरच दाखवतो. शाईच्या आवाक्याबाहेरचे रंग खूण करूनही दाखवता येतात. ते बघून मैत्रिणीनं पाण्यातल्या छटा स्वतःच बदलल्या, चित्राचा जीव न घालवता. मजकूर मात्र नुसत्या काळ्या शाईचाच ठेवा. चारही शाईंचा काळा केलात आणि छपाईत एखादी शाई केसभर सरकली, तरी अक्षरांना रंगीत कडा येतात. गडद चित्रावर पांढरी अक्षरं हवी असतील तर फॉन्ट जाड घ्या, नाहीतर बारीक शिरोरेषा आजूबाजूच्या शाईनं बुजते.

छापखान्याला फाइल देण्याआधीची तपासणीही चांगली आहे. ‘प्रीफ्लाइट व्हेरिफायर’ चौकटीबाहेर गेलेला मजकूर, हरवलेलं चित्र, कमी रिझोल्यूशनचं चित्र असं सगळं पान क्रमांकासकट सांगतो. चित्र छपाईच्या आकारात 300 डीपीआय (दर इंचाला 300 ठिपके) भरतं का, तेही चित्राच्या माहितीत दिसतं. कडेची 3 मिलिमीटरची ब्लीड, म्हणजे पानाच्या कडेबाहेर जाणारी आणि नंतर कापली जाणारी चित्राची पट्टी, सुरुवातीलाच भरून टाका; नंतर वाढवायची तर प्रत्येक चित्राची चौकट ओढत बसावं लागतं.

आता त्रासाच्या गोष्टी. शिकायला वेळ लागतो. ज्याला फक्त वर्ड माहीत आहे, त्याला चौकटींची कल्पना (इथे प्रत्येक मजकूर आणि चित्र आधी आखलेल्या चौकटीत बसवायचं असतं) अंगवळणी पडेपर्यंत चिडचिड होणार. अक्षरांची आणि चित्रांची बटणं एका पॅलेटमध्ये, जागेची आणि आकाराची दुसऱ्या, त्यामुळे नजर सतत इकडून तिकडे. मोठी चित्रं भरली की काम मंदावतं. तेव्हा पूर्वदृश्य कमी दर्जाचं ठेवावं लागतं आणि चित्रं धुरकट दिसतात. मूळ फाइलला त्यानं काही होत नाही, पण ज्यानं ती रंगवली आहेत त्याला हे आधी सांगून ठेवा. चित्रं फाइलच्या आत साठवली जात नाहीत, बाहेरून जोडलेली असतात. फोल्डर हलवलं की जोड तुटते. ‘कलेक्ट फॉर आउटपुट’ वापरून सगळं एका ठिकाणी गोळा करा, फॉन्टसकट.

नुसता मजकूर असलेल्या कादंबरीसाठी मी एवढ्या खटाटोपात पडायला सांगणार नाही. चित्रपुस्तकासाठी मात्र नक्की सांगेन, विशेषतः चित्रकार आणि लेखक शेजारी बसून काम करणार असतील तर. पीडीएफ काढताना छापखान्याला छपाईच्या पीडीएफचा कुठला ठरीव प्रकार चालतो, एक्स-1ए की एक्स-4, ते विचारून घ्या, दोन्ही निघतात. आणि पूर्ण छपाईला होकार देण्याआधी त्याच कागदावर, त्याच यंत्रावर काढलेली एक प्रत मागा आणि ती दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी बघा.