क्रीटमध्ये मासा आधी काट्यावर ठेवायला लावा

ग्रीसच्या बेटांवर निघालं की जो तो पाकीटमारांपासून सांभाळा म्हणून बजावतो. आमची पाकिटं शाबूत राहिली. आम्हाला लुबाडलं ते जेवायच्या टेबलावर, मेनूकार्ड समोर असताना, हसतमुखानं.

हानिया हे क्रीटच्या पश्चिमेकडचं जुनं शहर. व्हेनिसवाल्यांच्या काळातलं बंदर, टोकाला दीपगृह आणि धक्क्याच्या कडेनं एकाला एक लागून टॅव्हर्ना, म्हणजे तिकडच्या खाणावळी. त्यातल्या एकाच्या दारातल्या माणसानं ‘नमस्ते इंडिया’ करत आम्हाला आत नेलं. मी, नवरा, मुलगा आणि माझी आई. आईचं आयुष्य रत्नागिरीत गेलं, मिरकरवाड्याला मासे घेण्यात. हे पुढं कामाला येणार होतं, पण उशिरा.

तिकडे ताज्या माशाचा भाव बहुतेक किलोवर लिहिलेला असतो. मुसाका (वांगी-खिम्याचा भाजलेला पदार्थ), सॅलड ताटाच्या हिशोबानं, मासा वजनाच्या. यात गैर काही नाही, सगळीकडे तसंच असतं. वेटरनं बर्फावर मांडलेल्या माशांचा ट्रे टेबलाशी आणला आणि एक गुलाबीसर मासा उचलून दाखवला. सिनाग्रिदा, आपल्या तांबोशीच्या वळणाचा. डोळे स्वच्छ, कल्ले लालभडक. भाव 70 युरो किलो. ‘चौघांना पुरेल’ म्हणाला. वजन किती, असं नवऱ्यानं विचारलं तर ‘आत करतो’ म्हणून ट्रे घेऊन गेलासुद्धा. आई तेवढ्यात मला म्हणाली, ‘अगं, हा सव्वा किलोच्या वर नाही हां.’

मासा चविष्ट होता, ते कबूल करायला हवं. मग आलं बिल. वहीच्या कागदावर पेनानं लिहिलेलं, ग्रीकमध्ये, खाली आकडा 205. एकेक ओळ विचारून घेतली तेव्हा कळलं: माशाचे 147, म्हणजे वजन धरलं होतं 2 किलो 100 ग्रॅम. न मागता आलेल्या पावाचे माणशी 2. आणि शेवटी आणून ठेवलेल्या राकी (द्राक्षांची तिकडची कडक दारू) आणि शिऱ्यासारख्या हलव्याचे 12. क्रीटमध्ये जेवणानंतरची राकी आणि गोडाचा घास हा यजमानाकडून असतो, ही त्या बेटाची जुनी रीत. तिचेसुद्धा पैसे लावणं म्हणजे आपल्याकडे पानसुपारीचं बिल देण्यासारखं.

आई तर भडकलीच. तिनं मराठीत जे सुनावलं त्याचा सूर वेटरला बरोबर कळला असावा. ‘साफ करायच्या आधीचं वजन आहे, डोक्यासकट’, हे त्याचं उत्तर. पण आईनं अंदाज केला होता तोही अख्ख्या माशाचाच. कुठल्या काट्यावर केलं, दाखव, म्हटलं तर मॅनेजर आला आणि पाव, राकी कमी करून 185 वर तयार झाला. माशाच्या आकड्याला मात्र हात लावेना. मासा पोटात गेल्यावर मोजायचं काय?

ग्रीसमध्ये मेनूकार्डाच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ छापलेली असते, इंग्रजीतही: पावती मिळाली नसेल तर पैसे देण्याचं बंधन ग्राहकावर नाही. पावती म्हणजे मशीनमधून निघालेलं पक्कं बिल, वहीचा कागद नव्हे. आम्ही ती मागितली तेव्हाच तक्रारीचा फॉर्मही मागितला. तोही ठेवावा लागतो असं त्याच मेनूवर लिहिलेलं होतं. पक्कं बिल आलं, त्यावर माशापुढे वजनच नाही, फक्त रक्कम. ग्राहक तक्रारींचा नंबर 1520 आणि पर्यटक पोलिसांचा 1571, हे दोन्ही निघायच्या आधी फोनमध्ये घालून ठेवा. रात्री अकराला पेंगुळलेलं पोर कडेवर घेऊन कोणी नंबर शोधत बसत नाही, आणि हे त्या लोकांना पुरतं ठाऊक असतं.

म्हणून मासा पसंत केला की ट्रेबरोबर आत जा. काट्यावरचा आकडा डोळ्यांनी बघा, त्याला भावानं गुणून एकूण किती होतात ते त्याच्याच तोंडून वदवून घ्या, जमलं तर काट्याचा फोटो काढा. सरळ दुकानदाराला याचं काही वाटत नाही. पुढं एका गावात आम्ही विचारायच्या आत बाईंनी 640 ग्रॅमचा त्सिपूरा नावाचा मासा आमच्यासमोर तोलला. त्सिपूरा बहुतेक वेळा शेततळ्यातल्या कोळंबीसारखा पाळलेला असतो आणि स्वस्त पडतो. त्यालाच कोणी ‘समुद्रातला’ म्हणून दुप्पट भाव सांगत असेल तर दुसरं काहीतरी मागवा. मेनूत नावापुढे फुली किंवा चांदणी असेल तर तळटीप वाचा, बहुतेकदा तो माल गोठवलेला असतो.

आणखी एक चिमटा कार्डाच्या मशीनवर बसला. पैसे देताना पडद्यावर युरो की रुपये असं येतं. वेटरनं मशीन आमच्यापुढे धरण्याआधीच रुपये दाबून टाकले होते. रुपयांत घेतलं की दर त्या मशीनवाल्याचा लागतो आणि तो आपल्या बँकेपेक्षा बहुधा महागच असतो. परत आल्यावर बँकेनं सांगितलं, स्लिपवर ग्राहकाची संमती छापलेली आहे, काही करता येणार नाही. मशीन स्वतःच्या हातात घ्या, युरोच दाबा. चुकून रुपयांचा आकडा दिसला तर पिन टाकायच्या आधी व्यवहार रद्द करायला सांगा.