सेमूर डंकन पॉवरस्टेज १७०: पेडलबोर्डवर बसणारा पॉवर अँप

मॉडेलर (गिटार अँप आणि इफेक्ट्सचे आवाज डिजिटली काढणारं यंत्र) घेतल्यावर सगळ्यात जास्त डोकं कशाने खाल्लं असेल तर स्टेजवर आवाज कसा काढायचा याने. आधी एक छोटा ४० वॉटचा पॉवर अँप (मॉडेलरचा सिग्नल मोठा करून स्पीकरला देणारा) घेतला होता, घरी भारी वाटायचा पण ड्रमर सुरू झाला की क्लीन टोन फाटायचा, सोलोला तर हवाच निघून जायची. मग हा पॉवरस्टेज १७० घेतला.

१७० वॉट हे ४ ओमला (ओम म्हणजे स्पीकरचा विद्युत रोध) आहेत हे नीट बघा, ८ ओमच्या कॅबला, म्हणजे स्पीकरच्या पेटीला, साधारण निम्मेच मिळतात. पण घाबरू नका, वॉट निम्मे झाले तरी फरक फक्त ३ डेसिबलचा, आणि माझ्या ८ ओमच्या १x१२ कॅबवर (१२ इंची एकच स्पीकर) आवाजाचा नॉब अर्ध्याच्या पुढे गेलेला नाही. बास, मिड, ट्रेबल अँपवरच आहेत, त्यामुळे हॉल घुमायला लागला की वाकून बास थोडा कमी करायचा, मॉडेलरमधला पॅच (साठवलेलं सेटिंग) उघडायची गरजच नाही, हे मला फार आवडलं.

एक मात्र करा. खऱ्या कॅबला जाताना मॉडेलरमधलं कॅब सिम्युलेशन (कॅबच्या आवाजाची डिजिटल नक्कल, थोडक्यात कॅब सिम) बंद ठेवा नाहीतर आवाज गोधडीखालून आल्यासारखा येतो. मी माझ्या एचएक्स स्टॉम्प मॉडेलरचा लेफ्ट आऊट कॅब सिमशिवाय अँपला देतो आणि राईट कॅब सिमसकट साऊंडवाल्याला. आणि अँप ते कॅब स्पीकर केबलच वापरा, गिटारची केबल अजिबात नको.

ट्यूब अँपचा तो दणका हवा असेल तर हा क्लास डी (ट्यूबऐवजी ट्रान्झिस्टरवर चालणारा, हलका) आहे, तेवढा नाही मिळणार. पण पाठ वाचते हो!