कोंबड्यांसाठी सौर झटका मशीन : मशीन चांगलं, पण सोबतची मांडणी कोल्ह्याच्या कामाची नाही

झटका मशीन, म्हणजे कुंपणाच्या तारेत विजेचा झटका सोडणारं मशीन, विकतात ते रानडुकरांसाठी. खोक्यावर डुकराचं चित्र, माहितीपत्रकात मका आणि ऊस, आणि दुकानदाराचा पहिला प्रश्न, "किती एकर आहे?" मी बारामतीत मशीन घ्यायला गेले तेव्हा दुकानातले दादा म्हणाले, "ताई, परसातल्या कोंबड्यांना कशाला एवढं? कुत्रं पाळा." कुत्रं आमच्याकडे आहेच. ते पुढच्या दाराशी भुंकतं आणि चोर मागच्या बांधावरून येतो. म्हणून मशीन घेतलं. आता उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही काढून झाल्यावर लिहिते आहे, कारण परसातल्या कोंबड्यांच्या हिशेबाने या मशीनबद्दल मराठीत लिहिलेलं मला कुठे सापडलं नाही. जे आहे ते सगळं डुकराचं.

आमचं घर सुप्याच्या बाजूला, मयूरेश्वर अभयारण्याच्या अलीकडे. जिरायत माळ, मुरमाड जमीन, पाऊस बेताचा. अभयारण्य चिंकाऱ्यांसाठी ओळखलं जातं, पण या गवताळ माळावर लांडगा आहे, कोल्हा आहे, खोकड म्हणजे कोल्ह्यापेक्षा लहान, त्याच्यासारखाच दिसणारा प्राणी आहे. माझ्याकडे कावेरी (सुधारित जात) आणि देशी अशा मिळून तीस-पस्तीस कोंबड्या असतात. अंडी गावातच जातात, देशी कोंबडा सणावाराला चांगल्या भावाने जातो. घरातला हा एकच पैसा असा आहे की जो थेट माझ्या हातात येतो आणि कशावर खर्चायचा ते मी ठरवते. अंड्यावर आलेली तलंग कोल्ह्याने नेली की फक्त एक पक्षी जात नाही, पुढची वर्षभराची अंडी जातात.

मशीन घेण्याआधी चोर कोण ते ओळखा, कारण प्रत्येकाचा बंदोबस्त वेगळा. सकाळी खुराड्यात पक्षीच कमी भरला आणि पिसांची रांग बांधाकडे गेलेली दिसली, तर कोल्हा किंवा खोकड. ते भक्ष्य उचलून नेतात. पाच-सात कोंबड्या मारून जागच्या जागी टाकलेल्या, खाल्लेलं जवळजवळ काही नाही, असं असेल तर बहुतेक मोकाट कुत्री. मानेला चावा, रक्त आणि अंडी फुटलेली, तेही भर दिवसा, तर मुंगूस. रानमांजरही या भागात येतं, ते रात्रीचं. हे काही छापील नियम नाहीत. दार उघडं सापडलं तर कोल्हाही एका रात्रीत लागेल ते मारतो. पण आमच्याकडे पिसं दरवेळी बांधाकडेच जात होती आणि मुरमाच्या मऊ पट्ट्यावर पावलं स्पष्ट होती.

मशीन, १२ व्होल्टची बॅटरी आणि सौर पॅनेल मिळून साडेआठ हजार पडले. तार, इन्सुलेटर (तारेतली वीज खांबात उतरू न देणारे तुकडे) आणि खांबांचा खर्च वेगळा, तो दोन हजारांच्या घरात गेला. कंपनीचं नाव देत नाही, कारण बाजारातली या दरातली बहुतेक मशीनं साधारण एकसारखीच आहेत. साधारण सेकंदाला एक झटका, काही हजार व्होल्टचा, पण एका सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळाचा. त्यामुळे जनावर दचकतं, मरत नाही. घेताना एवढं मात्र विचारा की मशीन भारतीय मानक आयएस ३०२-२-७६ प्रमाणे आहे का. कुंपणाच्या मशीनसाठीचं मानक ते आहे. दुकानदाराला माहीत नसेल तर खोक्यावर बघा, आणि तिथेही नसेल तर दुसरं दुकान गाठा. घरात पोरंबाळं असतात, इथे दोन पैसे वाचवू नयेत.

आता मुख्य मुद्दा. कंपनीचा माणूस बसवायला आला आणि त्याने माहितीपत्रकाप्रमाणे तारा ओढल्या. पहिली तार जमिनीपासून दीड फुटावर, दुसरी तीन फुटांवर. डुकरासाठी दीड फूट ठीक असेल. खोकड हा दोन-तीन किलोचा जीव, तो त्या तारेखालून मान न वाकवता जातो. कोल्हा मोठा, पण तोही पोट घासत खालून सरकतो, आणि पाठीला तार लागली तरी केसांमुळे झटका नीट बसत नाही. मशीन चालू, दिवा लुकलुकतोय आणि कोंबडी गेली, हे आमच्याकडे झालं. कंपनीच्या माणसाचं उत्तर असं की मशीनमध्ये दोष नाही. मशीनमध्ये खरोखरच नव्हता. दोष त्या मांडणीत होता, आणि ती मांडणी कंपनीच देते.

कोल्हा नवी वस्तू आधी नाकाने तपासतो. नाक ओलं, त्यावर केस नाहीत, म्हणून झटका तिथेच बसायला हवा. तेव्हा खालची तार जमिनीपासून वीतभर, दुसरी त्यावर वीतभर, तिसरी गुडघ्याच्या वर आणि एक आवाराच्या जाळीच्या अगदी माथ्यावर, चढणाऱ्यासाठी. तारा जाळीच्या बाहेरच्या अंगाला, जाळीपासून चार-पाच बोटं सुटवून. आत ओढल्या तर काही उपयोग नाही. जनावर तोवर जाळीला भिडलेलं असतं आणि झटका खायची पाळी कोंबड्यांवर येते. या उंचीवर तारा बदलल्यानंतर रात्रीची चोरी थांबली. पहाटे एकदा बांधावरून आखूड, तीक्ष्ण किंचाळी ऐकू आली, आणि त्यानंतर पावलं तारेच्या बाहेरूनच वळून गेलेली दिसू लागली.

दुसरी गोष्ट अर्थिंगची, आणि आमच्यासारख्या मुरमाड भागात सगळं हिच्यावर आहे. झटका बसायला वीज तारेतून जनावराच्या अंगातून जमिनीत आणि जमिनीतून मशीनकडे परत यावी लागते. एप्रिल-मेमध्ये मुरूम हाडासारखा कोरडा होतो, मग वीज परत यायला वाटच राहत नाही. तार जिवंत असते आणि तरी हात लावला तर नुसती मुंगी चावल्यासारखं वाटतं. मशीनसोबत एक हातभर लांबीचा रॉड देतात, तो आमच्या जमिनीत निरुपयोगी आहे. मी चार-चार फुटांचे तीन रॉड एकमेकांपासून अंतरावर ठोकून घेतले, खड्ड्यात मीठ आणि कोळसा भरला, आणि ते न्हाणीघराच्या सांडपाण्याच्या बाजूला घेतले म्हणजे ओल कायम राहते.

याहून चांगला उपाय आमच्या गावातल्या वेल्डिंगवाल्याने सुचवला. खुराड्याच्या बाहेर जमिनीवर आम्ही दोन फूट रुंद वेल्डमेश, म्हणजे तारा वेल्ड केलेली चौकटींची जाळी, आडवी पसरलेली होती, तिला आम्ही झालर म्हणतो. ती उकरणं अडवण्यासाठी. कोल्हा भिंतीच्या अगदी कडेला उकरायला लागतो, पायाखाली जाळी लागते, मागे सरून उकरायचं त्याच्या डोक्यात येत नाही. वेल्डिंगवाले म्हणाले, "हीच झालर अर्थिंगला जोडा की." जोडली. आता कोल्ह्याचे पाय अर्थिंगच्या जाळीवर आणि नाक झटक्याच्या तारेवर, म्हणजे जमीन कितीही कोरडी असली तरी फरक पडत नाही. एवढी साधी गोष्ट मी पाहिलेल्या माहितीपत्रकात छापलेली नाही याचं मला वाईट वाटतं, कारण आपल्याकडे मुरमाड जमिनीवर शेती करणारे पुष्कळ आहेत.

पावसाळ्यात उलटी कथा. ओल भरपूर, पण गवत वाढून खालच्या तारेला टेकतं आणि सगळी वीज गवतातून जमिनीत उतरते. वीतभर उंचीच्या तारेची ही किंमत आहे. आठवड्याला विळा फिरवावाच लागतो. बांबूचे खांब भिजले की इन्सुलेटर फुटलेल्या ठिकाणी वीज गळते. रात्री शांतपणे कुंपणाच्या कडेने चाललं की जिथे गळती आहे तिथे टक-टक आवाज येतो, लहानशी ठिणगीही दिसते. टेस्टर दोन-अडीचशेला मिळतो, तो मशीनबरोबरच घ्या.

मशीनवर दिवस-रात्रीचं एक बटण आहे. रात्रीवर ठेवलं की उजाडलं की मशीन आपोआप बंद होतं आणि बॅटरी वाचते. कोंबड्यांसाठी हे चालू ठेवू नका. कोल्ह्याची वेळ तिन्हीसांजेची आणि पहाटेची, आणि अंधूक उजेड पडताच मशीन झोपी जातं. चोवीस तास चालू ठेवूनही आमची बॅटरी पुरते, भर पावसात सलग ढग असले तेव्हाच एक-दोनदा चार्जरवर लावावी लागली. सायरनची सोय आहे, तार तुटली किंवा जमिनीला टेकली की वाजतो. उपयोगाची आहे, फक्त वाऱ्याने फांदी टेकली तरी वाजतो.

मशीन काय करत नाही तेही सांगते. मुंगसाला ते फारसं अडवत नाही. तो तारेच्या खालूनही निसटतो आणि जाळीला थोडी फट मिळाली की आत. त्याच्यासाठी अर्धा इंची वेल्डमेशच लागते. षटकोनी कोंबडी जाळी फक्त कोंबड्यांना आत ठेवते, बाहेरच्याला बाहेर ठेवत नाही. कुत्र्याने दाताने ओढून ती फाडलेली मी पाहिली आहे. दाराला नुसती कडी नको, कडीत खिळा किंवा पिन हवी. आणि दिवसा कोंबड्या माळावर चरायला सोडल्या की मशीनचा काही संबंध उरत नाही. तिथे माणूसच लागतो. माझ्या सासूबाई दुपारी बांधावर बसतात, आणि खुडूक कोंबडी पिल्लं घेऊन फिरते तेव्हा तिला डालग्याखाली झाकतात. दिवेलागणीच्या आत दार लावायचं काम घरात एकाच्याच नावावर ठेवा. सगळ्यांचं काम असलं की कुणीच करत नाही.

आणखी एक. मेलेलं पिल्लू, आतडी, खरकटं उकिरड्यावर उघडं टाकू नका, खोल पुरा. रस्त्याकडेला चिकनच्या दुकानांचा कचरा टाकतात तिथे मोकाट कुत्री आणि कोल्हे दोन्ही जमतात आणि मग वस्तीवर येतात. हे सगळ्या गावाने मिळून थांबवायला हवं.

काही घरांत अजून मोटरीच्या लाइनवरून थेट तार टाकतात. कृपा करून हे करू नका. ती वीज झटका देऊन सोडत नाही, चिकटवून ठेवते. दरवर्षी आपल्या राज्यात अशा तारांनी माणसं मरतात, बहुतेक वेळा घरचीच किंवा शेजारची. मांसात कीटकनाशक घालून ठेवणंही तसंच. त्याने कोल्हा मरो न मरो, गावातली कुत्री, घारी, कावळे मरतात. कोल्हा आणि खोकड दोघेही वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत, त्यांना मारणं, फासे लावणं गुन्हा आहे. विहिरीत पडलेला किंवा जखमी कोल्हा दिसला तर जवळ जाऊ नका, रेबीजची भीती असते. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

खोकडाबद्दल मला वेगळं वाटतं, म्हणून थोडं लिहिते. शेपटीचं टोक काळं, अंगाने मांजरापेक्षा थोडं मोठं, जगात फक्त भारतीय उपखंडात आढळणारा हा प्राणी. त्याचं मुख्य खाणं उंदीर, टोळ, वाळवी आणि बोरं. ज्वारीच्या कोठाराला लागणारे उंदीर तो खातो. त्याची पिल्लं उन्हाळ्याच्या तोंडाला होतात आणि तेव्हाच तो कोंबडीच्या वासाने वस्तीजवळ येतो. माळ नांगरले जात आहेत, प्लॉटिंग होत आहे, मोकाट कुत्री त्याला फाडतात. माझ्या कोंबड्या वाचाव्यात आणि तोही माळावर राहावा, दोन्ही मला हवं आहे, आणि या मशीनमुळे दोन्ही जमतं. मी मशीनला पाचपैकी चार गुण देते, एक गुण सोबतच्या मांडणीचा आणि त्या हातभर रॉडचा कापते.

तुमच्याकडे आठ-दहाच कोंबड्या असतील तर मशीन घेऊ नका. तेच पैसे अर्धा इंची वेल्डमेशच्या खुराड्यावर आणि दोन फुटांच्या झालरीवर घाला. आमच्या वेल्डिंगवाल्याने जाळी, अँगल आणि मजुरी धरून सात हजारांत करून दिलं. वीसच्या वर कोंबड्या आणि मोकळं आवार असेल तर आधी जाळी, मग मशीन, हाच क्रम ठेवा. बिलावर बॅटरीची वॉरंटी वेगळी लिहून शिक्का मारून घ्या. मशीनची वॉरंटी एक वर्षाची असली तरी बॅटरीची आमच्या बिलावर सहाच महिने होती.